फाइल भलत्याच प्रोग्राममध्ये उघडते? या चुका टाळा

डबल-क्लिक केल्यावर विंडोज फाइलच्या आत डोकावत नाही. नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं, म्हणजे एक्स्टेन्शन, पाहून ती फाइल कोणत्या प्रोग्रामकडे सोपवायची ते ठरवते. म्हणून आधी एकच तपासा: एक्स्टेन्शनला जोडलेला प्रोग्राम चुकीचा आहे की एक्स्टेन्शनच खोटं आहे?

त्यासाठी ते दिसायला हवं. विंडोज ११ च्या फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', मग 'शो' आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' निवडा. विंडोज १० मध्ये हा पर्याय 'व्ह्यू' टॅबवरच आहे. हे बंद असलं की 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल नुसती 'बिल.पीडीएफ' अशी दिसते. ईमेलमधून अशी फाइल आली तर उघडू नका, काढून टाका.

नाव बदलून फाइल बदलत नाही. वर्डच्या फाइलला '.पीडीएफ' नाव दिलं तर ती 'खराब आहे' असा संदेश येतो. ती खराब नसते. जुनं नाव परत द्या, वर्डमध्ये उघडा आणि 'सेव्ह ॲज'मधून पीडीएफ करा. फाइल नक्की कसली ते कळत नसेल तर नोटपॅडमध्ये उघडा. पीडीएफची सुरुवात टक्क्याचं चिन्ह आणि 'पीडीएफ' अशी होते, वर्ड-एक्सेलच्या नव्या फाइलींची 'पीके' या अक्षरांनी. पाहून झालं की सेव्ह न करता बंद करा. नोटपॅडने सेव्ह केलेली पीडीएफ बिघडू शकते.

'ओपन विथ'मध्ये अर्ध्यावर थांबणं. राइट-क्लिक करून यादीतल्या प्रोग्रामवर क्लिक केलं की फाइल त्या वेळेपुरतीच तिथे उघडते. कायमचा बदल हवा तर 'चूज अनदर ॲप'पर्यंत जा, प्रोग्राम निवडा आणि 'ऑलवेज' दाबा. विंडोज १० मध्ये खालच्या 'ऑलवेज यूज धिस ॲप'च्या चौकोनात खूण करावी लागते. प्रोग्राम यादीत नसेल आणि तो स्वतः शोधून द्यायचा असेल, तर 'प्रोग्राम फाइल्स' फोल्डरमध्ये शोधा. डाउनलोड्समधली सेटअप फाइल निवडू नका, नाहीतर प्रत्येक डबल-क्लिकला इन्स्टॉलेशनच सुरू होईल.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, एक्स्टेन्शन आणि प्रोग्रामची जोडणी हाताने बदलायच्या फंदात पडू नका. वापरकर्त्याच्या निवडीसोबत विंडोज एक पडताळणीचा हॅश, म्हणजे त्या निवडीवरून काढलेला संकेत, ठेवते. तो जुळला नाही की ती निवड रद्द होते.

वेबसाइटवरच्या लिंकवर क्लिक करून पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडत असेल, तर ही जोडणी बदलून उपयोग नाही. ते ब्राउझरचं स्वतःचं सेटिंग आहे. क्रोममध्ये 'साइट सेटिंग्ज'मधल्या 'पीडीएफ डॉक्युमेंट्स'मध्ये डाउनलोडचा पर्याय निवडा.

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, थेट एक्सेलमध्ये उघडणं. सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं, कारण प्रोग्राम बरोबर वाटतो. पण डबल-क्लिकने उघडताना एक्सेल आकड्यांसारखं दिसणारं सगळं संख्या समजतं. '००७१२'चं '७१२' होतं. १२ अंकी आधार क्रमांक 'ई+११' अशा रूपात दिसतो. १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल १५ अंकच अचूक ठेवतं. आणि यादीत मराठी नावं असली तर त्यांच्या जागी रोमन 'ए', येनचं चिन्ह अशी रांग दिसते: फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत, असते आणि एक्सेल ती दुसऱ्याच एन्कोडिंगने वाचतं.

त्यावर उपाय असा. रिकामी एक्सेल फाइल उघडा, 'डेटा' टॅबवर 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' दाबा, फाइल निवडा. समोर आलेल्या खिडकीत 'फाइल ओरिजिन'ला '६५००१: युनिकोड (यूटीएफ-८)' ठेवा, 'डेटा टाइप डिटेक्शन'ला 'डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स' करा आणि 'लोड' दाबा. सगळे रकाने मजकूर म्हणून येतात, शून्यंही जागेवर राहतात.

डबल-क्लिकने उघडलेली सीएसव्ही तशीच सेव्ह झाली असेल, तर गेलेले अंक सेल फॉरमॅट बदलून परत येत नाहीत. ज्या पोर्टलवरून यादी घेतली तिथून ती पुन्हा उतरवून घ्या.