मुंबई ते सिंगापूर, रात्रीचं विमान: इकॉनॉमीतून जाणाऱ्यांसाठी तयारीची यादी

मुंबईहून दुबई तीन-सव्वातीन तासांवर. कसंही बसलं तरी निभून जातं. लंडनला नऊ-दहा तास लागतात, तिथे माणूस दमून का होईना झोपतो. सिंगापूर या दोन्हींच्या मधलं, साडेपाच तासांचं. बसून काढायला जास्त आणि झोपायला कमी. त्यात मुंबईहून निघणारी बरीच विमानं रात्रीची, आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. रात्री साडेअकराला निघालात तर उतरताना तिथे सकाळचे साडेसात झालेले असतात, अंगाला मात्र पहाटेचे पाचच वाटतात. इकॉनॉमीत जागा वाढवून मिळत नाही. पण ही रात्र बरी जाणार की हाल होणार, ते बरंचसं आदल्या आठवड्यात घरीच ठरतं. आईवडील पहिल्यांदाच मुलांकडे निघाले असतील तर यादी त्यांच्या हातात नुसती देऊ नका, शेजारी बसून वाचा.

पहिलं काम नावाचं. आपल्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो आणि नावाच्या रकान्यात बऱ्याचदा स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. तिकीट काढणारा घाईत पहिलं नाव आणि आडनाव टाकून मोकळा होतो. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचा घोळ आणखी वेगळा: पासपोर्ट माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि तिकीट सवयीने तोंडात असेल त्या नावाने. म्हणून पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहा. सावंतांचा ‘व’ व्हीने आहे की डब्ल्यूने, इतक्या बारकाईने. आठवडाभर आधी विमान कंपनीला फोन केला तर दुरुस्ती होऊ शकते. काउंटरवर मागे रांग लागलेली असताना तेच काम जिवावर येतं.

पासपोर्टची मुदत सिंगापूरला पोहोचल्याच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक हवी. भारतीयांना तिथला व्हिसा आधीच काढावा लागतो, त्याची प्रिंट जवळ ठेवा. शिवाय एसजी अरायव्हल कार्ड नावाचा ऑनलाइन फॉर्म असतो, तो पोहोचण्याच्या दिवसासकट शेवटच्या तीन दिवसांत भरायचा. सिंगापूर सरकारच्या संकेतस्थळावर तो फुकट भरता येतो. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या, पैसे मागणाऱ्या साइटही आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

इमिग्रेशनच्या रांगेची धास्ती असेल तर एक सोय आहे. भारत सरकारचा फास्ट ट्रॅक इमिग्रेशन कार्यक्रम जानेवारी २०२५ पासून मुंबई विमानतळावरही सुरू झाला. ऑनलाइन अर्ज करायचा, बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद द्यायची, की पुढे ई-गेटमधून जाता येतं. शुल्क नाही. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. चेहरा दाखवून विमानतळात शिरायची डिजियात्रा मात्र देशांतर्गत प्रवासासाठी आहे, तिचा इथे उपयोग नाही.

आता सीट. विमान कोणतं आहे ते बुकिंगमध्ये लिहिलेलं असतं. एअरबस ३२० किंवा ३२१ असेल तर मधे एकच वाट आणि दोन्हीकडे तीन-तीन सीट. ड्रीमलायनर किंवा एअरबस ३५० असेल तर दोन वाटा आणि तीन-तीन-तीन. ज्याला झोपायचंय त्याने खिडकी घ्यावी, डोकं टेकायला भिंत मिळते आणि कोणी उठवत नाही. ज्यांना रात्रीतून दोन-तीनदा उठावं लागतं, म्हणजे साठीच्या पुढचे बहुतेक सगळे, त्यांना वाटेकडची सीटच द्या. सीट निवडायला पैसे पडतात आणि आपली मंडळी तिथे हात आखडतात, पण आईच्या गुडघ्यांसाठी हा खर्च करावा असं माझं ठाम मत आहे. मधल्या सीटवर अडकलेली बाई दोन अनोळखी माणसांना उठवायला नको म्हणून पाणीच पीत नाही, आणि मग सकाळी डोकं धरून उतरते. अगदी शेवटची रांग टाळा, तिथली सीट बऱ्याचदा मागे होत नाही आणि शेजारी शौचालयाची ये-जा असते. सकाळी पोहोचणाऱ्या विमानात डावीकडची खिडकी मिळाली तर सूर्योदय दिसतो.

गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर मागा. ती विमान कंपनीकडून विनाशुल्क मिळते, फक्त दोन दिवस आधी कळवून ठेवायचं. मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ मध्ये दारापासून विमानापर्यंत भरपूर चालावं लागतं आणि रात्री अकरा वाजता ते चालणं नको होतं. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

जेवण चोवीस तास आधी नोंदवा. त्यासाठी विमान कंपन्यांचे कोड असतात: एव्हीएमएल म्हणजे भारतीय शाकाहारी, व्हीजेएमएल म्हणजे जैन, डीबीएमएल मधुमेहींसाठी. एकादशी किंवा चतुर्थी असेल तर एफपीएमएल, म्हणजे फळांची थाळी. हे फारसं कोणाला माहीत नसतं आणि उपासाचं माणूस रात्रभर चहावर राहतं. पण माझं ऐकाल तर घरीच वरणभात जेवून निघा. विमान उडाल्यावर ट्रॉली आपल्यापर्यंत यायला तास-सव्वा तास जातो, ट्रे उचलेपर्यंत दीड वाजतो आणि साडेतीनला उतरायच्या तयारीचे दिवे लागतात. जेवणासाठी जागं राहिलात तर झोप उरते जेमतेम दोन तासांची.

सामानाला लागताना आधी काय न्यायचं नाही ते बघा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या हातातल्या आणि चेक-इनच्या, दोन्ही सामानांत चालत नाहीत. खोबऱ्यात तेल असतं आणि ते पेट घेतं, हे कारण. कापूर आणि काडेपेट्याही नाहीत, त्यामुळे पूजेचं सामान बांधणाऱ्या आजीला हे आधीच सांगून ठेवा. दिवाळीच्या फराळात एक वेगळाच धोका आहे: खसखस. सिंगापूरमध्ये खसखशीवर बंदी आहे. अनारसे म्हणजे खसखस आलीच, करंजीच्या सारणातही ती असते. चकली, चिवडा, शंकरपाळे भरा, अनारसे इथेच खाऊन जा आणि करंज्या न्यायच्याच असतील तर सारण खसखस न घालता करा. तंबाखू-गुटखा, व्हेप आणि च्युइंगगमही तिथे नेता येत नाही. घरच्या लोणच्याची बरणी पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा चेक-इनच्या बॅगेत. तूपही तिकडेच, कारण हातातल्या सामानात द्रव आणि तुपासारखे पातळ पदार्थ १०० मिलीच्या वरच्या बाटलीत चालत नाहीत.

औषधांची चिठ्ठी आणि औषधं मूळ वेष्टनासकट न्या. झोपेच्या काही गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांना तिथे आधी परवानगी लागू शकते. डॉक्टरांकडून गोळ्यांमधल्या घटकांची नावं लिहून घ्या आणि तिथल्या आरोग्य विज्ञान प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तपासा. इन्सुलिन कायम हातातल्या सामानात ठेवा, विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. पॉवर बँकही हातातच. १०० वॉट-तासांपर्यंतची चालते, म्हणजे नेहमीची २०,००० एमएएचची बिनधास्त न्या. पण विमानात तिच्यावर फोन लावायला २०२५ पासून बऱ्याच कंपन्यांनी मनाई केली आहे, म्हणून घरूनच फोन पूर्ण चार्ज करून निघा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, पायाजवळची छोटी पिशवी. केबिनची सात किलोची बॅग वर कप्प्यात गेली की ती आपली राहिली नाही असंच धरून चाला. दिवे मालवल्यावर, शेजारचे झोपलेले असताना तिच्यापर्यंत पोहोचणं होत नाही. रात्री जे जे लागेल ते समोरच्या सीटखाली मावेल अशा चेनच्या कापडी पिशवीत हवं. भरायचा क्रमही ठरवून घ्या. तळाशी शाल आणि पायमोजे. विमानात चांगलंच गारठतं आणि कंपनीचं पांघरूण मिळेलच असं नाही. त्यावर रिकामी पाण्याची बाटली, सुरक्षा तपासणी झाली की आत भरून घ्यायची. मधे औषधांचा बटवा: त्या रात्रीच्या आणि दुसऱ्या दिवसाच्या गोळ्या, व्हॅसलीनची छोटी डबी, नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब. केबिनमधली हवा इतकी कोरडी असते की ओठ आणि नाक तासाभरात सुकतात. तिथला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका असतो, म्हणजे १,६४६ मीटर उंच कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही विरळ हवेत तुम्ही बसलेले असता. म्हणून तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पाणी प्या. सगळ्यात वर चष्मा, पेन, कानात घालायचे बोळे आणि आलेपाकाच्या वड्या. या वड्या दोन कामांच्या. पोटात ढवळलं तरी उपयोगी आणि विमान उतरताना कान दडे बसल्यासारखे होतात तेव्हा चघळायलाही उपयोगी. लहान बाळ असेल तर उतरतानाच त्याला दूध पाजा, गिळताना कान मोकळे होतात. पासपोर्ट आणि बोर्डिंग पास बाहेरच्या कप्प्यात, आणि तो कप्पा दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही.

खाऊ म्हणून दोन दशम्या फॉइलमध्ये गुंडाळून त्याच पिशवीत ठेवा. दुधात भिजवलेल्या असल्याने मऊ राहतात, वास येत नाही, हात तेलकट होत नाहीत.

कपडे सैल घाला. नाडी किंवा पट्टा घट्ट नको, बूट असे हवेत की पाय थोडा सुजला तरी परत आत जाईल. चार तासांहून जास्त एकाच जागी बसलं की पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. व्हेरिकोज व्हेन्स असतील किंवा अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल तर दाब देणाऱ्या मोज्यांबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. इतरांनी जाग येईल तेव्हा घोटे फिरवावेत आणि एकदा तरी वाटेतून चालून यावं.

पैशांचं थोडक्यात. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशातले व्यवहार सुरू करा, बऱ्याच कार्डांवर ते बंदच असतात. प्रवासविमा काढा. लग्नासाठी जड दागिने घेऊन जात असाल तर निघताना विमानतळावरच कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, परतताना दागिने आपलेच आहेत हे सिद्ध करत बसावं लागत नाही.

निघायच्या दिवशी तिकिटावरचं विमानतळाचं नाव पुन्हा वाचा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. बीओएम म्हणजे अंधेरीचा, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचा, आणि चुकीच्या ठिकाणी पोहोचलात तर रात्री तिथून इथे येण्याइतका वेळ हातात नसतो. अंधेरीला तीन तास आधी पोहोचायचं ठरवा आणि त्यात रस्त्याचा वेळ वेगळा धरा. संध्याकाळी सात-आठला पश्चिम द्रुतगती महामार्गावर किती वेळ जाईल हे कोणी सांगू शकत नाही. पावसाळ्यात अंधेरी सबवे भरला की सगळी वाहतूक दुसरीकडे वळते. गणपती विसर्जनाचा दिवस असेल तर दुपारीच निघून जवळच्या नातेवाइकांकडे थांबा. सामान कमी असेल तर मेट्रो ३ चं स्टेशन थेट टर्मिनल २ ला आहे, घाटकोपर-वर्सोवा लाइनवरून येणाऱ्यांनी मरोळ नाक्याला बदलायचं. सोडायला आलेल्यांना निरोप दारातच द्यावा लागतो. पाया पडणं, दही हातावर ठेवणं घरीच उरका.

विमानात बसल्यावर एकच करा: पांघरूण आधी घ्या आणि सीटबेल्ट पांघरुणावरून, दिसेल असा लावा. हवा खराब झाली की कर्मचारी पट्टे तपासत फिरतात. पट्टा दिसला तर ते तुम्हाला उठवत नाहीत. जेवायचं नसेल तर सुरुवातीलाच सांगून ठेवा. घड्याळ तिथल्या वेळेला लावा आणि डोळे मिटा.

उतरल्यावर लागणारी शेवटची गोष्ट म्हणजे मुलाचा किंवा हॉटेलचा पत्ता, फोन नंबरसकट कागदावर लिहिलेला. फोनची बॅटरी संपली, नेट लागलं नाही तरी कागद चालतो. त्यात पोस्टल कोड नक्की असू द्या. सिंगापूरमध्ये सहा आकडी कोड बहुतेक वेळा एकाच इमारतीचा असतो, टॅक्सीवाल्याला तेवढा दाखवला तरी तो दारात आणून सोडतो.