दिवस गेल्यावर आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांचे काय करावे

चाचणीच्या पट्टीवर दोन रेषा उमटल्या की पुष्कळ घरांत पहिला निर्णय होतो तो चालू गोळ्या बंद करण्याचा. "आता कसल्याच गोळ्या नकोत, बाळाला बाधतील," असे आई किंवा सासूबाई काळजीपोटी म्हणतात आणि थायरॉईडची किंवा फिटची गोळी त्याच दिवशी कपाटात जाते. काळजी खरी असली तरी हा निर्णय घरात घेण्याचा नाही, कारण काही औषधे गर्भाला अपाय करतात, तसेच काही आजार औषधाविना राहिले तर आई आणि बाळ या दोघांनाही त्याहून मोठा अपाय करतात.

म्हणून ज्या डॉक्टरांनी औषध लिहून दिले त्यांना आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी फोन करावा. बाळाचे हृदय, मज्जारज्जू आणि हातपाय मुख्यतः गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडतात. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवायला जाऊ तेव्हा विचारू, असे म्हटले तर तो काळ निघून गेलेला असतो.

तपासणीला जाताना घरातली सगळी औषधे एका पिशवीत भरून न्यावीत. त्यात मलमे, काढे, चूर्णे आणि डोके दुखले की घेतली जाणारी गोळीही आली. मेडिकलमध्ये चार गोळ्या कापून दिल्या जातात तेव्हा नाव आणि मुदत छापलेला भाग अनेकदा उरलेल्या पट्टीवरच राहतो, त्यामुळे औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम तिथेच कागदावर लिहून घ्यावेत. शेवटच्या पाळीची तारीखही सोबत असावी.

थायरॉईड कमी असल्यास दिली जाणारी लेव्होथायरॉक्सिन गर्भारपणात सुरक्षित असते, इतकेच नव्हे तर तिची गरज बहुधा वाढते. म्हणून रक्त तपासून डॉक्टर मात्रा ठरवतात. ती सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि लोह व कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यानंतर किमान चार तासांनी घ्याव्यात, कारण त्या एकत्र घेतल्यास थायरॉईडची गोळी अंगी नीट लागत नाही. चूक इतकी साधी असते की ती कुणाच्या लक्षातच येत नाही.

फिटच्या औषधांचे प्रकरण नाजूक आहे. व्हॅल्प्रोएटमुळे बाळाच्या मणक्यात दोष राहू शकतो आणि पुढे बौद्धिक वाढीवरही परिणाम होऊ शकतो. परंतु ते एकाएकी थांबवल्यास आईला लागोपाठ फिट येऊन दोघांच्याही जिवावर बेतू शकते. हे औषध घेणाऱ्या स्त्रीने, माझ्या मते, मूल हवे असे ठरवतानाच मेंदूविकारतज्ज्ञांना गाठावे, म्हणजे औषध बदलायला पुरेसे महिने हाती राहतात.

रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल चालू असेल तर फोन लांबवू नये. या गोळ्या बाळाच्या मूत्रपिंडांना अपाय करतात आणि गर्भाभोवतीचे पाणी कमी करतात. त्यांच्या जागी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा देता येते. मुरुमांसाठी पोटातून घेतली जाणारी आयसोट्रेटिनॉइन मात्र ताबडतोब थांबवून मगच फोन करावा, कारण तिच्यामुळे गंभीर व्यंगे होतात.

आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये विसाव्या आठवड्यापासून ती टाळण्याचा इशारा दिला. ताप किंवा दुखण्यासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, कमीत कमी मात्रेत आणि थोडे दिवस घ्यावी. गर्भारपणात रक्तदाब वाढू नये म्हणून डॉक्टरांनी दिलेली कमी मात्रेची ॲस्पिरिन मात्र वेगळी आहे. वरील इशारा वाचून ती बंद करू नये.

दातांच्या दवाखान्यात, डोळ्यांच्या तपासणीत आणि मेडिकलच्या काउंटरवर "मी गरोदर आहे" हे आधी सांगावे. जुन्या चिठ्ठीवर नवे औषध आणू नये.

दिवस गेल्याचे कळण्याआधी एखादी गोळी पोटात गेली असेल, तर घाबरून गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. औषधाचे नाव, मात्रा आणि घेतल्याच्या तारखा माता-बाल संरक्षण कार्डाला जोडून ठेवाव्यात आणि साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यातील सोनोग्राफीच्या वेळी तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा.