बेवारस गाडी वाचायची कशी

पहिली गोष्ट, लगेच जवळ जाऊ नका. पंधरा-वीस पावलांवर थांबा आणि गाडी कशी उभी आहे ते बघा. तोंड कुठे आहे? पुढची चाकं सरळ आहेत की वळलेली? कुणी नीट लावून गेलंय, बंद पडली तिथेच सोडलीय, की ढकलत आणून टाकलीय? हे लांबून जितकं स्वच्छ कळतं तितकं जवळून कळत नाही, कारण जवळ गेलं की नजर काचेतून थेट आत शिरते. सीटवर पडलेली वही, मागच्या बाजूची छत्री, आरशाला लटकलेलं खेळणं. आणि मग आपण गोष्ट रचायला बसतो. गोष्ट नंतर रचा, आधी वाचा.

मी बावीस वर्षं विमा सर्व्हेअर होते. अपघाताच्या गाड्या तपासायच्या, नुकसान आत्ताचं किती आणि जुनं किती ते ठरवायचं, अहवाल लिहायचा. माणसं अडखळत खरं बोलायची, पत्रा सरळ बोलायचा. काम सुटल्यावर भाच्यानं मला या नादाला लावलं. त्याला ओसाड कारखाने, बंद स्टेशनं, झाडीत रुतलेल्या गाड्या यांचे फोटो काढायचं वेड. "मावशी, तू नुसती सोबतीला चल," म्हणाला. सोबतीला गेले आणि अडकले. त्याला तिथे उजेड दिसतो, मला तारखा.

या जागांची ओढ का वाटते, याचं माझं उत्तर फार खोल नाही. गाडी कुणाला तरी कुठेतरी न्यायला बनवलेली असते. ती अशी उभी असेल तर कुणीतरी तिच्यातून उतरून चालत गेलं. उतरताना त्याला माहीत होतं का, की आपण परत येणार नाही? एवढा एकच प्रश्न. पण त्याच्या आसपास पोचायचं तर आधी गाडी कधी थांबली ते काढावं लागतं, आणि त्याची रीत आहे.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा 'याआधी नाही', उजवीकडे 'निदान इतकी वर्षं'. सापडलेली प्रत्येक खूण यांपैकी एका रकान्यात जाते. कुठल्याच रकान्यात बसत नसेल तर ती खूण नाही, ती तुमची कल्पना आहे. बेल्जियममधल्या शातियोंच्या जंगलात गंजक्या गाड्यांच्या लांबलचक रांगा होत्या, २०१० मध्ये त्या हलवल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिक मायदेशी परतताना त्या सोडून गेले, अशी कथा जगभर फिरली. पण त्यातल्या कित्येक गाड्या १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या बनावटीच्या होत्या. डावा रकाना नुसता भरला असता तरी कथा तिथेच संपली असती.

डाव्या रकान्यासाठी टायरसारखा साक्षीदार नाही. टायरच्या बाजूवर 'डॉट' (DOT) या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. १४११ असेल तर २०११ सालचा चौदावा आठवडा, म्हणजे एप्रिल. आकडे तीनच असतील तर टायर २००० च्या आधीचा, आणि शेवटचा आकडा कुठल्या दशकातला ते तुम्हाला दुसरीकडून ठरवावं लागेल. पूर्ण ओळ बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असते आणि हमखास आतल्या बाजूला निघते. तेव्हा छोटा आरसा आणि टॉर्च जवळ ठेवा. गाडीखाली मात्र घुसू नका. कुजलेल्या सस्पेन्शनवर टेकलेली गाडी कधी बसेल ते तिलाही माहीत नसतं. चारही टायर वाचा, सगळ्यांत नवा जो असेल तो धरा. ज्या माणसानं तो बसवला तो तोवर गाडी चालवत होता.

सीट बेल्टच्या तळाशी शिवलेल्या पट्टीवर बेल्ट बनल्याची तारीख बहुधा असते. ती गाडीच्या जन्माच्या जवळची. काचांच्या कोपऱ्यातले शिक्के एकमेकांशी ताडून बघा. पाच काचांवर एक खूण आणि सहावीवर वेगळी, तर ती काच बदललेली. म्हणजे मध्ये काहीतरी घडलं होतं. सर्व्हेअरला एवढं पुरायचं, चहा घेता घेता... असो, त्या आठवणी इथे नकोत.

उजवा रकाना झाडं भरतात. बऱ्याच जातींचे पाइन दर वर्षी फांद्यांचा एक घेर काढतात, त्यामुळे खोडावरचे घेर मोजले की वय निघतं. बुंध्याकडचे जुने घेर गळून जातात, म्हणून उत्तर नेहमी 'निदान' एवढंच. पण झाड गाडीशेजारी असून उपयोग नाही. ते आधीपासूनही असू शकतं. बंपर आणि बॉडीच्या फटीतून, फुटलेल्या फ्लोअरमधून किंवा चाकाच्या रिममधून वर आलेलं झाड शोधा, ते गाडीनंतरच उगवलेलं असणार. रबराच्या बीडिंगवरचं शेवाळ वर्षांचा हिशेब देत नाही, फक्त ओल आणि सावली कुठे आहे ते सांगतं. दगडफूल जास्त भरवशाचं, काही जाती वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाहीत. बॉनेटवर रुपयाएवढं वर्तुळ दिसलं तर थोडा आदर बाळगा.

आता गंज. इथे नवखा हटकून चुकतो, कारण त्याला वाटतं जितका गंज जास्त तितकी गाडी जुनी. गंजाला वर्षं लागत नाहीत, पाणी आणि हवा लागते, आणि मीठ मिळालं तर तो पळत सुटतो. बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठागराजवळ १९४० च्या दशकात खाणधंदा बसल्यावर सोडलेली वाफेची इंजिनं उभी आहेत. मिठागराच्या वाऱ्यानं त्यांचा पातळ पत्रा चाळणी करून टाकलाय, जाड बॉयलर मात्र अजून उभे. उलट अमेरिकेत ॲरिझोनातल्या डेव्हिस-मॉन्थन या हवाई दलाच्या तळावर हजारो विमानं उघड्यावर वर्षानुवर्षं टिकतात, कारण हवा कोरडी आणि जमीन इतकी टणक की फरसबंदीशिवाय विमान उभं राहतं. त्यामुळे गंज किती आहे ते बघू नका, कुठे आहे ते बघा.

पत्रा गंजताना फुगतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दोनपासून सहापट जागा घेतो, म्हणूनच रंगाखाली आधी फोड येतात, मग पोपडे सुटतात, आणि दोन पत्रे जिथे जोडलेले असतात ती शिवण उलते. दाराच्या खालच्या काठाला पाणी निघून जायची बारीक भोकं असतात. ती पाचोळ्यानं बुजली की दार आतून सडतं. दाराचा खालचा भाग गेलाय आणि टप ठीक आहे, तर गाडी झाडाखाली उभी होती. टपावरचा रंग भाजून पांढुरका झालाय आणि दारं बरी आहेत, तर ती उन्हात होती. आता डोकं वर करा. टप भाजलेला आणि वर मात्र गच्च सावली? मग एकतर झाडं नंतर वाढली किंवा गाडी दुसरीकडून इथे आली. हा एक प्रश्न मला अख्खी दुपार पुरतो. भाचा तेवढ्यात तीनशे फोटो काढून डबा उघडून बसलेला असतो.

गंजाचा दुसरा पैलू जिवावरचा आहे. लोखंड गंजतं तेव्हा हवेतला ऑक्सिजन वापरतं. जुन्या टँकरची टाकी, बॉयलर, जहाजाचा बंद कप्पा यांत हा उद्योग वर्षानुवर्षं चाललेला असतो, आणि आतल्या हवेत माणसाला पुरेल एवढा ऑक्सिजन उरलेला नसतो. मोकळ्या हवेत तो २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली धोका धरतात. त्या हवेला वास नसतो, गुदमरल्यासारखंही होत नाही. माणूस सरळ कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. आत डोकंसुद्धा घालायचं नाही. "फक्त एक फोटो" म्हणणाऱ्याची कॉलर धरून मागे ओढा, मी एकदा ओढली आहे.

बाकी धोके थोडक्यात. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण आत वाफ असते. न उघडलेली एअरबॅग जिवंत समजा, पिवळ्या वायरींना हात लावू नका. डिकीचं झाकण हातानं धरून ठेवा, त्याचे गॅसचे दांडे केव्हाच मेलेले असतात. उंदरांच्या लेंड्या झाडायच्या नाहीत, त्या धुळीतून हंताविषाणू पसरतो. इमारतीत लाकडी जमिनीवरून जायचंच झालं तर भिंतीच्या कडेनं, मधोमध नाही. आणि मुळात मालकाला विचारून जा. बेवारस दिसणाऱ्या बहुतेक वस्तूंना वारस असतो. ॲरिझोनातली ती विमानं टाकलेली नाहीत, ठेवलेली आहेत. त्यांच्या फटी पांढऱ्या लेपानं बंद केल्या आहेत, आणि त्यांतली काही पुन्हा उडालीसुद्धा. विटांवर चढवलेली, इंजिनावर कापड टाकलेली गाडी दिसली तर ती कुणाच्या तरी मनात अजून चालू आहे. तिथून निघा.

मग आत बघा, काचेबाहेरून. ड्रायव्हरची सीट किती पुढे-मागे आहे यावरून शेवटच्या चालवणाऱ्याची उंची कळते. पेडलचं रबर कुठल्या कडेला झिजलंय ते बघा, ओडोमीटरपेक्षा ते जास्त प्रामाणिक. काय नाही, तेही लिहा. बॅटरी आणि चाकं आधी जातात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा धूर साफ करणारा डबा, करवतीनं कापून नेलेला असेल तर नेणारा जाणता होता, कारण आत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं. काही न्यायचं म्हटलं की माणसं कशालाही भीत नाहीत. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातानंतर सफाईला वापरलेले बंब आणि हेलिकॉप्टरं किरणोत्सारी झाली म्हणून रासोखाच्या मैदानात सोडली होती, त्यांचेही भाग चोरीला गेले.

नेणाऱ्यांपेक्षा मला राग येतो तो आणून ठेवणाऱ्यांचा. चेर्नोबिलशेजारचं प्रिप्यात शहर २७ एप्रिल १९८६ ला बसगाड्यांनी रिकामं केलं. तिथल्या खोल्यांमधल्या, गॅस मास्क घातलेल्या बाहुल्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्यांतल्या पुष्कळ बाहुल्या नंतर आलेल्या लोकांनी फोटोसाठी मांडल्या आहेत. अशी मांडणी ओळखायची ती धुळीवरून. वस्तूखालीही धुळीचा थर असेल तर ती नंतर आली. खूप दिवस पडून असलेल्या वस्तूखाली जागा स्वच्छ असते, नाहीतर रंग गडद राहिलेला असतो.

एका बंद खाणीच्या वाटेवर आम्हाला एक व्हॅन सापडली होती, परवानगी काढून गेलो होतो. डॅशबोर्डवर लहान मुलाचा लाल बूट. भाचा हळवा झाला. "मावशी, घाईत गेले असतील गं." मी टॉर्च आडवा धरला. आडव्या उजेडात धूळ उठून दिसते. बुटाच्या कडेनं धूळ अखंड आत गेलेली होती, आणि डॅशबोर्ड उन्हानं तडकलेला असताना बुटाचा लाल रंग मात्र ताजा. बूट वर्षभरापूर्वीचाही नव्हता. भाच्याचं तोंड उतरलं. मग मी त्याला मागचं डावं चाक दाखवलं. टायरवर १४११, बाकीचे तिन्ही त्याहून जुने. नव्या टायरवर साच्यातून निघालेले रबराचे केस असतात, रस्त्याला टेकणारे थोड्याच दिवसांत घासून जातात. इथे ते मधल्या पट्ट्यावरही थोडे शिल्लक होते. बंपरच्या फटीतून वर आलेल्या पाइनला नऊ घेर होते, आणि आम्ही उभे होतो २०२२ च्या शरदात. म्हणजे एप्रिल २०११ च्या आधी नाही, २०१३ च्या नंतर नाही, आणि टायर दुकानात फार पडून राहिला नसेल तर पहिल्या तारखेच्याच जवळ. सीट अगदी पुढे ओढलेली, पाठीला उशी. बुटक्या कुणीतरी नवा टायर घेतला, थोडंच अंतर गाडी चालवली आणि इथे उभी केली. टाकून द्यायच्या गाडीला कुणी नवा टायर घालत नाही. भाचा बराच वेळ त्या चाकाशी बसून होता. बुटाचा फोटो त्यानं पुसला.

फोटो काढणार असाल तर प्रत्येक खुणेचे दोन काढा, एक लांबून आणि एक शेजारी मोजपट्टी ठेवून. नंबर प्लेट आणि कागदांवरची नावं दिसू देऊ नका, ती माणसं जिवंत असू शकतात. आणि नोंद लगेच, तिथेच करा. गाडी तुमच्यासाठी थांबणार नाही.

ती व्हॅनही थांबली नाही. पुढच्या वर्षी गेलो तर जागा रिकामी होती, पण वाचता येत होती. गवतात फिकट मातीचा लांबट चौकोन, चार खळगे, एका टोकाला तेलाचा काळा डाग, म्हणजे इंजिन त्या बाजूला. पाइन त्यांनी तोडलं नव्हतं. गुडघ्याच्या वर त्याच्या खोडाला एक वाक आहे, बंपर होता बरोबर तिथे, आणि त्यावर वाकाएवढीच रुंद चपटी खाच. भाच्यानं मोजपट्टी लावली, मी आकडा लिहिला. घेर दहा झाले होते.