‘बरोबर, म्हणजेच…’ हे शब्द गिळायला शिका

तासिका तत्त्वावर पहिल्यांदा बी.एस्सी.ला गणितातलं रिअल अ‍ॅनालिसिस शिकवायला मिळालं, तेव्हा ‘माझा वर्ग बोलका आहे’ असं मी स्टाफरूममध्ये कौतुकानं सांगायचे. नव्यानं वर्गावर उभं राहणाऱ्यांनो, हा भ्रम तुम्हालाही होणार आहे.

प्रत्यक्षात व्हायचं असं. मी विचारायचे, “कंटिन्युइटीची व्याख्या कोण सांगेल?” (कंटिन्युइटी म्हणजे फलनाची, फंक्शनची, सलगता. त्यात एप्सिलॉन म्हणजे उत्तरात चालणारा फरक आणि डेल्टा म्हणजे त्यासाठी एक्सला दिलेली मोकळीक.) एखादी उठायची, “मॅडम, एप्सिलॉन दिला की डेल्टा…” आणि अडायची. मी लगेच, “बरोबर, म्हणजेच प्रत्येक एप्सिलॉनसाठी असा एक डेल्टा मिळतो की…” म्हणत उरलेलं वाक्य पुरं करायचे. ती मान हलवून बसायची, मी फळ्याकडे वळायचे. चाचणीचे पेपर हातात आले तर निम्म्याहून जास्त पोरांनी लिहिलेलं, ‘असा एक डेल्टा असतो की प्रत्येक एप्सिलॉनसाठी…’

शब्द तेच, क्रम उलटा. ‘प्रत्येक कुलपाला किल्ली असते’ आणि ‘एकच किल्ली सगळ्या कुलपांना लागते’ यांत जेवढा फरक, तेवढा हा फरक आहे. उलट्या वाक्यात एकच डेल्टा कितीही बारीक एप्सिलॉनला पुरायला हवा. म्हणजे त्या बिंदूच्या आसपास फलन स्थिरच असायला हवं! एफ(एक्स) = एक्स हे बिचारं साधं फलनसुद्धा त्यात नापास होतं. एप्सिलॉन डेल्टाहून लहान घेतला की संपलं.

आता ती उठलेली मुलगी आठवा. ‘एप्सिलॉन दिला की डेल्टा’ एवढं दोन्ही वाक्यांत खपून जातं. खरी परीक्षा पुढच्या चार शब्दांत होती, आणि नेमके तेच मी बोलले. तिची चूक ओठांवर येत होती, मी ती आत ढकलली. वर शाबासकी दिली. हे मी वर्षभर, रोज, दर तासाला केलं. पेपर तपासताना त्या पोरांवर चिडलेही होते, त्याची आजही लाज वाटते.

तेव्हा थांबा. आमच्या एका ज्येष्ठ मॅडमनी सांगितलेला उपाय: प्रश्न विचारला की पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायचं, घोटभर प्यायचं, झाकण लावायचं, मगच तोंड उघडायचं. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांमधलं ध्वनिमुद्रण ऐकून हेच मांडलं होतं. शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम १ सेकंद थांबतात. ३ सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात. पण ३ सेकंद शांत वर्गासमोर उभं राहून बघा, घाम फुटतो.

पोर्शन संपत नाही म्हणाल. नाहीच संपत. मी सोडवून दाखवायची उदाहरणं कमी केली.

मला सगळ्यात लागू पडलेली युक्ती खडूची. एकानं जागेवरून बोलायचं, दुसऱ्यानं फळ्यावर लिहायचं, आणि जे ऐकू येईल तेवढंच लिहायचं. पहिल्या दिवशी ‘तो वरचा इकडे घे, मग ते उलटं ए टाक’ असलं काहीतरी ऐकू येतं. उलटं ए, म्हणजे ∀, ‘प्रत्येकासाठी’चं चिन्ह! दोन वर्षं ते चिन्ह लिहिणाऱ्या मुलाला ते वाचता येत नव्हतं, कारण मोठ्यानं वाचायला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आता दर तासाला एक ओळ चिन्हांची लिहिते आणि ती आधी तोंडानं वाचून घेते.

मराठीतच बोलू द्या. ‘समजा एफ कंटिन्युअस नाहीये, तर असा एक एप्सिलॉन सापडेल की…’ हे चोख गणित आहे. इंग्रजीची भीती आणि सिद्धतेची भीती एकाच वेळी काढायला जाल तर दोन्ही राहतील.

आणि कृपा करून पीपीटीचे सेमिनार हे ‘बोलणं’ म्हणून खपवू नका. गाईडमधली सिद्धता स्लाइडवर चिकटवून घडाघडा वाचणारा मुलगा मला अडखळणाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. १९९३पासून चालत आलेल्या एमटीटीएसच्या (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) गणिताच्या उन्हाळी शिबिरांत वर्ग प्रश्नोत्तरांवरच चालतो. आमच्याकडची एक मुलगी जाऊन आली. पहिला आठवडा रडले म्हणाली. परत आली ती मलाच ‘का?’ विचारत.

घाबरू नका, सुरुवातीला वर्ग मुकाच असतो. मागच्या बाकावरच्यांना पहिले काही आठवडे शेजाऱ्याशीच बोलू द्या, उभं करू नका. चुकलं तर ‘चूक’ न म्हणता उदाहरण टाका: “बरं, एफ(एक्स) = एक्स घे. तुझा डेल्टा किती?”

गेल्या मंगळवारी युनिफॉर्म कंटिन्युइटी चालू होती. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, इथे डेल्टा…” आणि अडला. माझ्या तोंडून ‘बरोबर, म्ह—’ एवढं निघालंच. पहिल्या बाकावरच्या दोघींनी माझी पाण्याची बाटली पुढे सरकवली.