एकाच टोपात सगळ्यांची तिझण

घरात एकाला गहू चालत नाही, दुसऱ्याला दूध, आजोबांना मधुमेह: थंडीतल्या सकाळी तिघांचंही नाचणीच्या तिझणीवर, म्हणजे नारळाच्या रसात शिजवलेल्या खिरीवर, भागतं.

1 वाटी अख्खी नाचणी रात्री भिजत घाला. गिरणीचं पीठ नको. आधी गहू दळलेला असतो, तो त्यात उतरतोच. सकाळी 2 वाट्या पाणी घालून मिक्सरला वाटा, फडक्यातून घट्ट पिळा. अर्ध्या नारळाचा पहिला दाट रस 1 वाटी काढून बाजूला ठेवा, दुसरा पातळ 2 वाट्या. नाचणीचं दूध तळाशी बसतं, म्हणून ढवळूनच पातळ रसात ओता. गॅस मंद. हात थांबला की गुठळ्या झाल्याच! 10-12 मिनिटांत कच्चा वास जातो, तुकतुकी येते.

आता आजोबांची अर्धी वाटी काढा, मीठ घाला. माडाचा गूळही शेवटी साखरच, त्यामुळे तोही नको. उरलेल्यात पाऊण वाटी गूळ, पण पाण्यात विरघळवून, गाळून, रेती निघते. दाट रस गॅस बंद केल्यावरच घाला, उकळला तर फुटतो.