एक्स सोडून मॅस्टोडॉनवर: कोल्हापूरकरांनी बस्तान कसे बसवावे

ऑर्कुट 2014 मध्ये गेले, कू 2024च्या जुलैत बंद पडले, आणि 2022च्या ऑक्टोबरात ट्विटरची, म्हणजे आताच्या एक्सची, मालकी बदलल्यापासून तिथल्या माणसांचीही पांगापांग सुरूच आहे. त्यातले काही मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर येतात आणि आठवडाभरात ‘इथं कोणच न्हाई’ म्हणून परत फिरतात. माणसे असतात. ती तुमच्यासमोर आणून ठेवणारी यंत्रणा नसते. होम टाइमलाइनवर तुम्ही फॉलो केलेल्यांच्याच पोस्ट दिसतात, त्याही आल्या त्या क्रमाने. म्हणून पहिला महिना ओळखी काढण्याचे काम हातानेच करावे लागते.

जुने खाते बंद करण्याआधी

एक्सच्या सेटिंग्जमधून आपल्या डेटाची प्रत मागवा. ती तयार व्हायला एक दिवस किंवा जास्तही लागतो, त्यामुळे खाते बंद करायच्या दिवशीच मागवू नका. या प्रतीत एक मेख आहे. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची नावे तिच्यात नसतात, फक्त खाते क्रमांक असतात. ज्यांच्याशी खरोखर बोलणे होते अशा तीस-चाळीस जणांची नावे आधीच वहीत उतरवा आणि त्यांना नवा पत्ता कळवा. खाते निष्क्रिय केल्यावर 30 दिवसांच्या आत पुन्हा लॉगिन झाले तर ते जिवंत होते. त्यानंतर गेले ते गेले, आणि ते नाव पुढे दुसरा कोणी घेऊ शकतो. नावाला किंमत असेल तर खाते ठेवा, वर नवा पत्ता पिन करा आणि तिथे लिहिणे थांबवा.

सर्व्हर कोणता?

मॅस्टोडॉन 2016 मध्ये आले. ते एका कंपनीचे एकच संकेतस्थळ नाही. ईमेलसारखे ते अनेक सर्व्हरांवर चालते आणि एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्यावरच्याशी बोलू शकतो. त्यामुळे निवड चुकली तरी आभाळ कोसळत नाही. अधिकृत ॲप पहिल्याच पडद्यावर मॅस्टोडॉन डॉट सोशल पुढे करते. घाई असेल तर तेच घ्या. सवड असेल तर सर्व्हरचे ‘अबाउट’ पान वाचा: नियम काय, चालवतो कोण, खर्च कशातून भागतो. एकट्या माणसाने हौसेने चालवलेला सर्व्हर एखाद्या दिवशी बंदही होऊ शकतो. काही ठिकाणी प्रवेशासाठी कारण विचारतात. तिथे ‘हाय’ एवढेच लिहिले की अर्ज पडून राहतो. आपण कोण, कशाबद्दल लिहिणार, हे दोन-तीन ओळींत सांगा. पुष्टीची ईमेल आली नाही तर स्पॅममध्ये बघा.

वापरकर्ता-नाव रोमन अक्षरे, अंक आणि अंडरस्कोअर यांतूनच करावे लागते. दिसणारे नाव मात्र देवनागरीत ठेवता येते. फोटो आणि परिचय भरल्याशिवाय कोणालाही फॉलो करू नका. रिकामे प्रोफाइल दिसले की समोरचा स्पॅम समजून सरळ ब्लॉक करतो. लिहिण्याची भाषा ‘मराठी’ निवडा, म्हणजे भाषेनुसार गाळणी लावणाऱ्यांकडे आपली पोस्ट नीट पोहोचते. गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये ‘शोधात पोस्ट दिसू द्या’ हा पर्यायही बघा. तो मुळात बंद असतो, आणि शोधात आपण का सापडत नाही हे मग महिनोन्‌महिने कळत नाही.

माणसे शोधणे

पहिली पोस्ट ओळखीची: गाव, काम, आवडी, आणि शेवटी टॅग. टॅगमध्ये मराठीची खास अडचण आहे. #कोल्हापूर, #कोल्हापुर आणि #कोल्हापूरच्या हे यंत्राच्या लेखी तीन वेगळे टॅग. वाक्यात गुंफलेला टॅग विभक्ती लागताच निकामी होतो, म्हणून सगळे टॅग शेवटी वेगळ्या ओळीत, मूळ रूपात लिहा. मध्ये जागा किंवा जोडरेघ आली की टॅग तिथेच तुटतो. तिथे अंडरस्कोअर चालतो. #कोल्हापूर, #मराठी, #पंचगंगा असे टॅग फॉलोही करता येतात. रोमन लिपीतला कोल्हापूरचा टॅगही फॉलो करा, कारण बरेच लोक तसाच लिहितात.

दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाचे प्रोफाइल उघडल्यावर कधीकधी एकही पोस्ट दिसत नाही. तो गप्प असतो असे नाही. तुमच्या सर्व्हरवरून त्याला आजवर कोणी फॉलो केलेले नसते, म्हणून जुने लिखाण इथवर आलेलेच नसते. शोधपेटीत नाव आणि सर्व्हर असा पूर्ण पत्ता टाका, फॉलो करा. पुढच्या पोस्ट येऊ लागतील.

पन्नास-साठ जणांना फॉलो केल्याशिवाय टाइमलाइन हलती वाटत नाही. आणि पहिल्या महिन्यात स्वतःच्या एका पोस्टमागे दुसऱ्यांना निदान तीन उत्तरे द्या. आवडीचा तारा दाबला तर त्याची सूचना फक्त लिहिणाऱ्याला जाते, पोस्ट पुढे जात नाही. पुढे न्यायची तर बूस्टच करावे लागते. एक्सवरून आलेले नेमके इथेच चुकतात: तारे वाटत बसतात आणि मग सगळे सुनेसुने का, असे विचारतात. जमल्यास एकट्याने येऊ नका. कट्ट्यावरचे सात-आठ जण एकाच आठवड्यात आले तर टिकतात.

लिहिण्याची रीत

बहुतेक सर्व्हरांवर मर्यादा 500 अक्षरांची असते. फोटोला वर्णन जोडण्याची इथे पक्की रीत आहे. वर्णन नसलेले फोटो बरेच जण बूस्ट करत नाहीत.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार हा फुटबॉल सामना रंगला की मिनिटामिनिटाला लिहायचा मोह होतो. पण क्रमाने चालणाऱ्या टाइमलाइनवर तुमच्या चाळीस पोस्ट म्हणजे दुसऱ्याच्या पडद्यावर दुसरे काहीच नाही. पहिली पोस्ट सार्वजनिक ठेवा, पुढच्या तिच्याखाली उत्तरे म्हणून, ‘शांत सार्वजनिक’ दृश्यमानता निवडून लिहा, म्हणजे सर्व्हरच्या सार्वजनिक टाइमलाइनवर त्यांची गर्दी होत नाही. फॉलोअरांना मात्र त्या दिसतातच, म्हणून मोजक्याच लिहा. दुसरे म्हणजे पेठेतली भाषा. ‘आज फाडतोय बघ तुम्हाला’ हे स्टेडियमवर सगळ्यांना समजते. पण तक्रार गेली तर ती वाचणारा व्यवस्थापक कदाचित मराठी न येणारा, यंत्राच्या भाषांतरावर विसंबलेला असतो. त्याला ती धमकी वाटते आणि खाते गोठते. ओळख नसलेल्यांशी सुरुवातीला ‘अहो-जाहो’च बरे, ‘भावा’ नंतर आहेच की.

पावसाळ्यात जास्त जपा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती, राधानगरी धरणाचा कितवा स्वयंचलित दरवाजा उघडला, हे सगळ्यांना हवे असते. पण बूस्ट झालेली पोस्ट दुसऱ्या दिवशीही कोणाच्या तरी समोर येते. ‘आत्ता 38 फूट’ हे सकाळी वाचणाऱ्याला इशारा पातळी, म्हणजे 39 फूट, अजून यायची आहे असे वाटते, आणि तोवर नदी धोक्याच्या 43 फुटांकडे सरकलेली असू शकते. ‘आत्ता’ लिहू नका. तारीख, वेळ, ठिकाण आणि माहिती कुठून आली ते लिहा. आकडा बदलला तर तीच पोस्ट संपादित करा: बूस्ट केलेल्यांना बदलाची सूचना जाते. पोस्ट खोडून नवी टाकली तर ती सूचना कोणालाच जात नाही. 2019च्या पुराचे व्हिडिओ दर पावसाळ्यात नव्याने फिरतात. तारीख पटल्याशिवाय बूस्ट करू नका.

खासगी म्हणजे किती खासगी?

‘फक्त उल्लेख केलेल्यांसाठी’ ही पोस्ट खासगी वाटते, पण ती कुलूपबंद नसते. सर्व्हर चालवणारा ती पाहू शकतो. त्याहून घातक म्हणजे अशा संदेशात तिसऱ्या कोणाचे नाव ॲट चिन्हासह लिहिले की तो संदेश त्यालाही जातो. चुगली करताना हे विसरायला होते. फोन नंबर, व्यवहार, भांडणे सिग्नल ॲपवर ठेवा.

बिऱ्हाड हलवायचे तर

महिन्यातून एकदा फॉलो, म्यूट, ब्लॉक आणि बुकमार्क यांच्या याद्या उतरवून घ्या. पोस्टची पूर्ण प्रत सात दिवसांतून एकदा मागता येते. सर्व्हर बदलताना क्रम पाळा: नव्या खात्यावर आधी जुन्याचा पत्ता उपनाम म्हणून नोंदवा, मग जुन्यावरून ‘खाते हलवा’ करा. फॉलोअर आपोआप नव्या पत्त्यावर येतात, पोस्ट जुन्या जागीच राहतात, आणि तुम्ही फॉलो करता त्यांची यादी नव्या खात्यात स्वतः चढवावी लागते. हे सगळे जुना सर्व्हर चालू असतानाच करता येते, आणि एकदा हलवल्यावर 30 दिवस पुन्हा हलवता येत नाही.