बाप्तिस्म्याची चित्रं बघताना या चुका टाळा

येशूच्या बाप्तिस्म्याच्या (पाण्याने द्यायच्या ख्रिस्ती दीक्षेच्या) चित्रात पांढऱ्या दाढीचा म्हातारा दिसला की लोक 'हा देवपिता' म्हणून मोकळे होतात. मीही झालो होतो, आणि तेही भर व्याख्यानात.

स्लाइडवर इटलीतल्या रावेन्नाच्या एरियन (एक जुना ख्रिस्ती पंथ) बाप्तिस्मागृहाच्या घुमटातलं मोझेक होतं. इ.स. 500च्या आसपासचं, थिओडोरिक राजाच्या काळातलं काम. मधे कमरेपर्यंत पाण्यात बिनदाढीचा तरुण येशू, एका बाजूला ठिपक्यांचं कातडं पांघरलेला, बाप्तिस्मा देणारा योहान, दुसऱ्या बाजूला हा म्हातारा. मी ठोकून दिलं, 'देवपिता!' पुढच्या रांगेतून वसईच्या एक आजी म्हणाल्या, "सर, मग देवाच्या डोक्यावर खेकड्याच्या नांग्या कशाला?"

लालभडक नांग्या. मला सोडून सगळ्या सभागृहाला दिसत होत्या. तो म्हातारा म्हणजे येशूचा बाप्तिस्मा जिच्यात झाला ती खुद्द यार्देन नदी. आपली गंगा मकरावर बसते. रोमन परंपरेत नद्या दाढीवाले बुवा असतात. तेव्हापासून मी आधी पाणी बघतो: कुठून येतंय, आत कोण, काठावर कोण. चेहरे शेवटी.

दुसरी चीड आणणारी चूक म्हणजे डागडुजीला मूळ समजणं. रावेन्नातच बिशप निऑनचं त्याहून जुनं बाप्तिस्मागृह आहे. तिथे योहान थाळीतून येशूच्या डोक्यावर पाणी ओततो. 'बघा, तेव्हा पाणी ओतूनच बाप्तिस्मा देत!' असं मला कितीदा ऐकवलं गेलंय. अहो, ती थाळी आणि येशूचं दाढीवालं डोकं 19व्या शतकातल्या दुरुस्तीतलं आहे. मोबाइलवर फोटो ताणून सिद्धांत मांडणाऱ्यांनी आधी दुरुस्तीचा इतिहास वाचावा. कंटाळवाणा असतो, पण वाचावा.

बाकीच्या चुका किरकोळ. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या चित्रकार पिएरो देल्ला फ्रान्चेस्काच्या बाप्तिस्म्याच्या चित्रात मागे सदरा काढणारा माणूस येशू नव्हे. तो आपल्या बाप्तिस्म्याच्या पाळीची तयारी करतोय. पौर्वात्य ख्रिस्ती प्रतिमांत झाडाच्या बुंध्याशी कुऱ्हाड दिसली तर लाकूडतोड्या शोधू नका, बायबलातलं मत्तय 3:10 उघडा: चांगलं फळ न देणाऱ्या झाडाच्या मुळाशी कुऱ्हाड ठेवलीये, असं योहान तिथे बजावतो. आणि फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातलं बाप्तिस्म्याचं चित्र सरसकट लिओनार्दोच्या नावावर खपवू नका. ते त्याच्या गुरूचं, वेरोक्क्योचं, डाव्या कडेचा देवदूत लिओनार्दोचा.

त्याच चित्रात वर कबुतर सोडणारे दोन हात आहेत. दाढी नाही, चेहरा नाही, नुसते हात. ते मात्र देवपित्याचे.